नवव्या ओळीतलं नाव

आमच्या गावचा बेसबॉलचा संघ माझ्या जावयामुळे बुडाला, असं गावात आजही समजतात. गावात म्हणजे, ज्यांना तो संघ अजून आठवतो अशा दहा-बारा माणसांत. ते खरं नाही. संघ माझ्यामुळे बुडाला. पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर दोन वाक्यांत झालं असतं. आता जरा लांबण लागेल.

दक्षिण जर्मनीतल्या बॉबलिंगेनपासून बसनं वीस मिनिटांवर आमचं गाव. मी पुण्याहून इथं आलो तो गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करायला, आणि त्याच कामावरून निवृत्त झालो. पुण्यात मी क्रिकेट खेळलो असं म्हणणं धाडसाचं होईल, पण स्कोअर लिहायला मला सगळे बोलवायचे. माझं अक्षर सुबक, आणि उन्हात दिवसभर बसून मला कंटाळा येत नसे. इथं क्रिकेट नव्हतं. जवळ अमेरिकन सैनिकांची छावणी होती, त्यांच्यामुळे गावात बेसबॉल आला होता. रविवारी फिरायला गेलो की भाजीच्या बागांच्या मागल्या मैदानावर ही मंडळी खेळताना दिसायची. तीन रविवार मी कुंपणाबाहेर उभं राहून पाहिलं. चौथ्या रविवारी त्यांच्या कॅचरनं मला आत बोलावून हातात पेन्सिल दिली.

कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा, आपला विकेटकीपर म्हणा. हा माणूस आमचा कॅचर होता, प्रशिक्षक होता, आणि मैदानातलं गवतही तोच कापायचा. पोटापाण्याला घरोघरची हीटिंगची यंत्रं दुरुस्त करायचा. मला तो ‘हेर इंजिनिअर’, म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणायचा. त्यात थोडी थट्टा होती, कारण त्याच्या मते इंजिनिअर लोक यंत्रं काढतात आणि त्याच्यासारख्यांना ती आयुष्यभर निस्तरावी लागतात.

मी संघाचा स्कोअरर झालो. परीक्षा देऊन त्याचा परवानाही घेतला. प्रत्येक चेंडू कागदावर उतरवायचा, शेवटी सही करायची आणि तो कागद लीगकडे पाठवायचा. सामन्यात काय झालं ते मी लिहीन तेच झालं, असा तो मामला. इतक्या वर्षांत माझा एकही कागद कोणी तपासला नाही. ‘हेर इंजिनिअरनं लिहिलंय’ म्हटलं की वाद संपायचा. आमच्या या भागात शिव्या न देणं हीच शाबासकी असते, त्या मानानं हा मोठाच मान होता.

संघ मात्र वाईट होता. मैदान बागांच्या बाजूला उतरतं होतं, त्यामुळे आमच्या हातून सुटलेला चेंडू थांबतच नसे, थेट कोबीत जायचा. बागेतल्या एक आजी ते चेंडू बादलीत साठवून ऑक्टोबरात परत आणून द्यायच्या. आम्ही शेवटचे किंवा शेवटून दुसरे यायचो. माझी बायको म्हणायची, “हरायची हौस क्रिकेटात भागत होती की, हे आणखी कशाला?” त्यातल्या त्यात बरे दिवस होते ते छावणीतले चार सैनिक आमच्याकडून खेळायचे तेव्हा. इराकचं युद्ध सुरू झालं आणि एकेक करून ते चौघंही गेले. त्यातला शेवटचा पुढच्या हंगामात येतो म्हणून आपला हातमोजा शेडमधल्या खिळ्याला अडकवून गेला. तो मोजा वर्षभर तिथंच होता. कोणी काढला नाही, वापरलाही नाही.

माझा जावई या सगळ्यात आला तो सैनिक गेले त्याच उन्हाळ्यात. मूळचा पुण्याचा, बॉबलिंगेनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, विद्यापीठाच्या संघातून क्रिकेट खेळलेला. मी त्याला एका रविवारी सहज मैदानावर नेलं. पहिल्याच वेळी त्यानं चेंडू मारला आणि बॅट टाकून पळायचं सोडून ती हातात घेऊनच पळत सुटला, वर पहिल्या बेसपाशी, म्हणजे पहिल्या थांब्यापाशी, पोचल्यावर ती जमिनीला टेकवली. अंपायरसकट सगळे पोट धरून हसले. पण दुसऱ्या डावात एक सणसणीत चेंडू त्यानं मोज्याशिवाय, उघड्या उजव्या हातानं अडवला आणि तिथूनच सरळ रेषेत पहिल्या बेसवर फेकला, तेव्हा कोणी हसलं नाही. कॅचर मास्क वर करून माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतर उरलेले सात सामने जावई तिसऱ्या बेसवर खेळला. आम्ही त्यातले चार जिंकलो. चार सामने ही आमच्यासाठी न ऐकलेली गोष्ट होती.

हंगाम संपताना कॅचरनं मला एकट्याला सांगितलं की डॉक्टरांच्या मते त्याच्या गुडघ्यांत आणखी एकच उन्हाळा शिल्लक आहे. वीस वर्षं तो या संघात खेळला होता आणि संघ लीगच्या गुणतक्त्यात वरच्या अर्ध्यात एकदाही आला नव्हता. तो म्हणाला, “आल्झो, असं बघ, पहिले यायचं नाही मला. नुसतं मधल्या रेघेच्या वर. एकदा. तुझा जावई असला तर होईल.”

मी हो म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं.

दिवाळीला मुलगी, जावई आणि तीन वर्षांची नात आमच्याकडे जेवायला होती. बायकोनं क्वार्क, म्हणजे इथलं घट्ट दह्यासारखं चीज, टांगून श्रीखंड केलं होतं. इथं चक्का मिळत नाही, इतक्या वर्षांत आता आम्हाला क्वार्कचंच खरं वाटतं. जेवता जेवता जावई म्हणाला, “बाबा, पुढच्या वर्षी मला खेळायला नाही जमणार. हॅम्बर्गच्या एका कंपनीशी बोलणं जवळजवळ ठरलंय. मार्चमध्ये जावं लागेल. तुम्ही त्यांना आत्ताच सांगून टाका, म्हणजे त्यांना दुसरं कोणी बघता येईल.”

इतकं स्वच्छ तो बोलला. त्यात न कळण्यासारखं काहीही नव्हतं.

मी श्रीखंडाचं भांडं उचललं. त्यानं वाटीवर हात आडवा धरला, नको नको म्हणाला. आमच्या घरात वाटीवर हात धरणाऱ्याला कोणी कधी सोडलेलं नाही. पहिला नकार सभ्यतेचा, दुसरा पोटाचा, आणि तिसऱ्या वेळी माणूस हात काढून घेतो, असंच मी लहानपणापासून पंगतीत बघत आलो. मी त्याच्या बोटांच्या फटीतून चमचाभर वाढलंच. मुलगी इथंच वाढलेली, आमचं मराठी तिला कळतं पण उत्तर देते ती जर्मनमधून. ती म्हणाली, “पापा, तो नको म्हणतोय ना.” जावयानं हसून वाटी चाटूनपुसून संपवली. आणि माझ्या मनात ती वाटी आणि ते हॅम्बर्ग एकाच जागी जाऊन बसलं. नको म्हणतोय, पण घेईल.

ते गेल्यावर बायको भांडी आवरताना म्हणाली, “अहो, तुमच्या त्या मंडळींना उद्याच सांगून टाका.”

मी म्हटलं, अजून कुठं नक्की झालंय? जवळजवळ म्हणाला तो.

“तो नाही म्हणालाय. मी ऐकलंय,” ती म्हणाली. “जावयाला आग्रह करायचा तो ताटावर. खेळायचा आणि राहायचा आग्रह करायचा नसतो.”

आग्रह मी केलाही नाही. ते जास्त वाईट. जावयाला काही मागायचं नाही, त्याच्याकडे शब्द टाकायचा नाही, ही आमच्याकडची रीत मी तंतोतंत पाळली. ‘एवढा एक उन्हाळा थांब’ असं एकदाही म्हणालो नाही. म्हणालो असतो तर त्यानं पुन्हा एकदा नाही म्हटलं असतं, मग मला ऐकावं लागलं असतं. मी नुसतं मनात धरून बसलो की तो थांबेल. तो थांबला म्हणजे मुलगी थांबली, नात थांबली. मला त्यांना अडवायचा काही अधिकार नव्हता. पण जावयाशिवाय आमच्याकडे आठच उरत होते आणि संघाला नवव्या खेळाडूची गरज आहे, ही काही माझी गरज नव्हती. असं मी स्वतःला समजावत असे.

तो हिवाळा मी ज्या आशेत काढला तिचं आज मला नवल वाटतं. मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या जिमखान्यात संघ सराव करायचा, आठ माणसं आणि मी. जावई कुठाय म्हणून विचारलं की मी म्हणायचो, कामाचा ताण आहे, वसंतात येईल. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कोरे स्कोअरचे कागद घेऊन बसायचो आणि अजून न झालेले सामने लिहायचो. पहिला सामना एप्रिलमध्ये, घरच्या मैदानावर. पहिल्या डावात दोन धावा. तिसऱ्या बेसवर जावई, एकही चूक नाही. असे अकरा सामने मी लिहिले. त्यातले सहा आम्ही जिंकलो, चार जास्त पटण्यासारखे झाले असते, पण सहाला आम्ही मधल्या रेघेच्या वर जात होतो. बायकोनं एकदा खांद्यावरून पाहिलं आणि दिवा लावून गेली.

जानेवारीच्या शेवटी संघाची सभा झाली, नेहमीच्या खानावळीच्या मागल्या खोलीत. शेजारच्या गावाच्या संघाकडेही माणसं कमी झाली होती, त्यांच्याकडे सहाच उरले होते. दोन्ही गावांचा मिळून एक संघ करू या, असं त्यांनी कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. शेजारच्या गावाशी आमचं पिढ्यान्‌पिढ्या जमत नाही, कशावरून ते कोणालाच आठवत नाही. तरी आठच माणसं असतील तर जायलाच हवं, हे सगळ्यांना कळत होतं. आमच्या लीगचा नियम असा की सामना सुरू होताना मैदानात नऊ माणसं नसतील तर सामना गेला. असे तीन सामने गेले की संघच बाद.

कॅचरनं समोरच्या कागदावर आठ नावं लिहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

“हेर इंजिनिअर. आठ की नऊ?”

खोलीत आम्ही सगळे मिळून दहा-अकरा जण होतो. मला चांगलं आठवतं, मी ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती सरळ केली. त्या आठवड्यात मुलीनं फोनवर सांगितलं होतं की हॅम्बर्गला त्यांना घर मिळालंय, करार झालाय.

मी म्हणालो, “नऊ.”

“त्यानं हो म्हटलंय?”

“म्हटलंय.”

“गेनाऊ, बरोबर,” कॅचर म्हणाला आणि नवव्या ओळीत जावयाचं नाव लिहिलं. पुन्हा कोणी काही विचारलं नाही. मी सांगितलेलं तपासायची तिथं पद्धतच नव्हती. शेजारच्या गावाला नकार गेला. ते मग तिसऱ्याच एका संघात सामील झाले.

मार्चमध्ये भाड्याचा ट्रक आला. आम्ही दोघांनी मिळून कपाटं वर चढवली. नात तिच्या खेळण्यांच्या खोक्यावर बसून राहिली, उतरायला तयार नव्हती. जावयानं दोरी आवळता आवळता विचारलं, “तुम्ही त्यांना सांगितलंत ना बाबा? मी कॅचरला स्वतः फोन करणार होतो, पण राहून गेलं.”

मी म्हटलं, हो, कधीच सांगितलं. ते म्हणाले काही हरकत नाही.

“मला जरा वाईट वाटत होतं,” तो म्हणाला. “भली माणसं आहेत.”

ट्रक गेल्यावर तरी मी मैदानावर जाऊन सांगायला हवं होतं. अजून पाच आठवडे हातात होते. नवीन खेळाडूचा परवाना लीगकडून यायला साधारण तेवढेच लागत. मी गेलो नाही. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. दुपारी वाटायचं, आता फार उशीर झाला, इतके दिवस का बोलला नाहीस म्हणतील. मंगळवारच्या सरावाला पाठदुखीचं कारण सांगितलं.

पहिल्या सामन्याच्या दिवशी छान ऊन होतं. कॅचरनं गवत कापून पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, बागेतल्या आजी खुर्ची घेऊन कुंपणापाशी येऊन बसल्या होत्या. मी माझ्या टेबलावर पेन्सिली तासून कागद भरला. नवव्या ओळीत जावयाचं नाव लिहिलं, सुबक अक्षरात. आठ माणसं हात-पाय हलवत होती आणि एकेक जण मधूनच पार्किंगकडे बघत होता. सामन्याच्या वेळेला अंपायरनं घड्याळ दाखवलं. कॅचर पायाला ढाली बांधलेल्या अवस्थेत माझ्याकडे चालत आला.

“फोन केलास?”

“उचलत नाही,” मी म्हणालो. मी फोन केलाच नव्हता.

अंपायर भला, त्यानं पंधरा मिनिटं दिली. त्या पंधरा मिनिटांत रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला आणि दोन सायकली. मग अंपायर माझ्या टेबलाशी आला आणि निकाल लिहायला सांगितलं. न खेळता गेलेला सामना नऊ-शून्य असा लिहितात. मी लिहिला आणि सही केली. सही केलेल्या माझ्या सगळ्या कागदांत खोटं नाव असलेला तो एकच.

कॅचर ढाली सोडत बाकावर बसला होता. मला म्हणाला, “काही झालं तर नसेल ना त्याला?”

तेव्हाही दार उघडं होतं. माझ्यावर रागावायच्या आधी तो जावयाची काळजी करत होता. आणि मी म्हणालो की नाही, अचानक हॅम्बर्गची नोकरी लागली, गेला तो. आजकालची मुलं, त्यांना सांगायचंही सुचत नाही. मी तुला तोंड कसं दाखवू तेच कळत नव्हतं. हे शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

त्यानं मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, त्यात तुझा काय दोष.

दोन नव्या माणसांचे अर्ज त्यानं दुसऱ्याच दिवशी पाठवले. त्यांचे परवाने मेमध्ये आले, तिसरा सामना जाऊन संघ बाद झाल्यावर एका आठवड्यानं. पुढच्या वर्षासाठी पुन्हा जमवाजमव करू, असं दोघातिघांनी म्हणून पाहिलं. कॅचरचे गुडघे पुढच्या वर्षापर्यंत थांबले नाहीत. मैदानाचा वरचा भाग आता बागांना दिलाय. खालच्या भागात अजून गवत आहे, ते नगरपालिका कापते. सैनिकाचा मोजा शेड पाडताना कुठं गेला माहीत नाही.

दोन वर्षांनी जावई नाताळच्या सुट्टीत आला होता तेव्हा सकाळी बेकरीत ब्रेड आणायला गेला. परत आला आणि म्हणाला, “बाबा, कॅचर भेटले. मी हात पुढं केला तर वळून निघून गेले. माझं काही चुकलं का?”

बायको ओट्यापाशी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मी म्हणालो, अरे, ही माणसं अशीच. एकदा गाव सोडलं की संपलं.

बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, आणि त्यानंतर या विषयावर कधीच नाही.

या वर्षी ऑक्टोबरात आमचं हीटिंग बंद पडलं. मी नेहमी दुसऱ्या कोणाला तरी बोलवायचो. या वेळी तो माणूस रजेवर होता आणि बायकोला खोकला होता. कॅचर आला. पायऱ्या उतरताना कठड्याला धरून, एक पाय ताठ ठेवून उतरला. तळघरात मी त्याच्यासाठी टॉर्च धरून उभा होतो. तो यंत्राचं झाकण काढून आत हात घालून बसला होता, तोंड माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे असेल, मी सांगितलं. दिवाळीपासून सगळं. जावई नाही म्हणाला होता, स्वच्छ म्हणाला होता, तुम्हाला सांगा म्हणाला होता.

तो काम करत राहिला. एक नट त्यानं सावकाश आवळला. मग म्हणाला, “मी तुला एकच गोष्ट विचारली होती. आठ की नऊ.”

मी हो म्हणालो.

“आठ म्हणाला असतास तर मी त्या शेजाऱ्यांबरोबर खेळलो असतो. त्यांचा कॅचर माझ्याहून वाईट होता.”

झाकण लावून झाल्यावर तो म्हणाला, पंप जुना झालाय, हा हिवाळा काढेल, पुढचा सांगता येत नाही. मग हात पुसून खिशातून वही काढली आणि जावयाचा नंबर मागितला.

“कशाला?” मी विचारलं.

“मी त्याचा हात घेतला नव्हता,” तो म्हणाला.

मी नंबर सांगितला. एकेक आकडा त्यानं पुन्हा म्हणून दाखवला. पूर्वी तो असं करत नसे.

त्याच रविवारी नेहमीप्रमाणे हॅम्बर्गचा फोन आला. नात जर्मनमध्ये शाळेचं काही सांगून गेली. मग जावई आला. म्हणाला, “बाबा, कॅचरांचा फोन आला होता. बराच वेळ बोललो आम्ही.” मी वाट पाहिली. मला वाटलं आता विचारेल, आणि मी इतकी वर्षं जुळवलेली वाक्यं सगळी तयार होती. तो म्हणाला, “तुमची तब्येत कशी आहे?” मी म्हटलं बरी आहे. हॅम्बर्गला पाऊस होता, तो नेहमीच असतो.

फोन ठेवायच्या आधी मी विचारलं, दिवाळीला येताय ना?

“यंदा नाही जमणार, बाबा,” तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा मऊ होता, ‘बाबा’ म्हणणंही तसंच होतं.

बायको समोर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. क्वार्कचे दोन डबे तिनं आदल्या दिवशीच आणून ठेवले होते.

मी म्हणालो, “बरं.” आणि पुन्हा विचारलं नाही.